प्राणबाटली

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगीलाही शिरायला वाव नव्हता. खुर्च्या भरल्या होत्या, खिडक्यांचे कठडे भरले होते आणि जिन्यावरची माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावत होती. ज्याच्या त्याच्या छातीशी एक स्टीलची बाटली. तान्हं बाळ धरावं तशी धरलेली.

मंचावर प्राणगुरू आले. अंगात पांढरा सदरा, हातात माइक आणि तोंडात लाह्या फुटाव्यात तसे शब्द.

"बाटलीला हात लावा! कशी लागते?"

"गार!" हॉल ओरडला.

"आणि आत?"

"गरम!"

"वरून गार, आतून गरम! हेच तर योग्याचं लक्षण! आपलं मात्र उलटं. वरून तापलेले, आतून थंडगार. शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बघा, पटेल!"

हशा पिकला. बायकांनी नवऱ्यांकडे खरोखरच पाहून घेतलं.

"आता कुणी बोलू नका. प्राण बोलणार आहे." गुरूंनी डोळे मिटले आणि आपल्या बाटलीचं झाकण हळूहळू फिरवलं.

फुस्स्स!

शंभर छात्यांतून एकच सुस्कारा निघाला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी डोळ्याला पदर लावून रडू लागली. मग एकेकाने आपापली बाटली उघडली. फुस्स, फुस्स, फुस्स. सापांच्या पेटीवरचं झाकण कुणीतरी काढलं असावं तसं वाटत होतं.

शेवटच्या रांगेत शाळेतल्या विज्ञानाच्या बाई बसल्या होत्या. त्या आपणहून आल्या नव्हत्या, वहिनीने त्यांना हाताला धरून आणलं होतं. वहिनी कानाशी कुजबुजली, "ऐकलंत? आमचीसुद्धा बोलते. रोज सकाळी."

"वहिनी, सोड्याची बाटलीही बोलते."

"तुम्ही ना, देवाचीसुद्धा परीक्षा घ्याल," वहिनी म्हणाली आणि समोर बघू लागली.

बाईंना गुरूचं काही पडलं नव्हतं. त्यांची नजर वहिनीच्या पलीकडे बसलेल्या दादावर होती. दादा बसचा ड्रायव्हर. साखरेचा आजार जुना, रोज इन्सुलिनची सुई. चेहरा उतरला होता, ओठ कोरडे पडले होते आणि उजव्या पायाचा बूट त्याने अर्धवटच घातला होता.

दादाच्या घरी गेल्यावर बाईंनी विषय काढला. "पायाला काय झालंय?"

"नवा बूट चावला. भरून येतंय."

"दाखव."

"चिमे, शाळेत बाई असशील, इथे धाकटी आहेस."

टेबलावर प्राणबाटली होती. वहिनीने तिचे नियम सांगितले. रोज सकाळी एकदाच उघडायची. अर्धी प्यायची, मग गुरूंचं चमचाभर चूर्ण घालून कोमट पाण्याने पुन्हा भरायची. धुवायची मात्र कधीच नाही, धुतली की प्राण जातो. आणि झाकणातल्या रबरी कडीला हात लावायचा नाही, कारण तिथे प्राण बसतो.

बाईंनी झाकण नाकाशी नेलं. आंबलेला, उग्र वास आला. चूर्णाची चिमूट जिभेवर टेकवली. ते गोड होतं, चांगलंच गोड.

"दादा, तू हे रोज पितोस? आणि इन्सुलिन?"

वहिनीने खाली मान घालून सांगितलं, "बंद केलं. गुरू म्हणाले, दोन होड्यांत पाय नको."

बाई विनवून थकल्या, रागावून थकल्या. डॉक्टरांना फोन लावून तो दादाच्या कानाशी धरला. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच्या आत्ता या." दादा "हो, हो" म्हणाला आणि ड्यूटीवर निघून गेला. जाताना बाटली बरोबर होतीच. ते पाणी प्यायलं की डोकं हलकं होतं म्हणे. होणारच! साखर आंबली की तिची दारूच होते, थोडी का असेना. दारूला कधी न शिवलेला माणूस बस चालवताना तिचे घोट घेत होता आणि त्याला प्राण म्हणत होता.

बाईंनी मग त्यांना येत होतं ते केलं. बेकरीतून पाव फुगवण्याचं यीस्ट आणलं आणि ते साखर व कोमट पाण्याबरोबर आपल्या प्रवासातल्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावलं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ती उघडली, तर गुरूंपेक्षा मोठा आवाज! झाकण टाणकन छताकडे उडालं आणि गणिताचे सर टेबलाखाली गेले.

हीच बाटली पुन्हा भरून पुढच्या सभेला बाई मंचावर चढल्या. गुरूंनी अडवलं नाही. उलट हात जोडून म्हणाले, "या, या. शंकेखोर आमचे पहिले भक्त."

बाईंनी माइक घेतला. त्या वर्गात बोलावं तसं बोलल्या. "ही बाटली दोन भिंतींची असते. मधल्या पोकळीतली हवा काढलेली असते, म्हणून आतली उष्णता बाहेर येत नाही. आतलं गरम राहतं आणि वर हात लावला तर गार लागतं. यात योगी कुणी नाही. चूर्णात साखर आणि यीस्ट आहे. यीस्ट हे बारीक जीव असतात. उबेत ते साखर खातात आणि गॅस सोडतात. झाकण बंद असल्यामुळे गॅस कोंडतो. उघडलं की सुटतो. मी हे घरी केलंय, बघा."

फुस्स्स!

बाईंना वाटलं, पटलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली म्हातारी उठली आणि तिने बाईंच्या बाटलीला हात लावून तो डोळ्यांना लावला. "बाईंच्यासुद्धा बाटलीत आला हो!"

गुरू तरी कशाला संधी सोडतील? "पाहिलंत? मी न देता, विरोधकाच्या घरीही प्राण प्रकटला! याहून मोठा पुरावा कोणता?"

हॉल टाळ्यांनी दणाणला. बाईंनी वहिनीच्या हातातली बाटली घेतली आणि झाकणातली रबरी कडी खेचून काढली. कडीखाली काळा, बुळबुळीत थर होता. "हे बघा! ही बुरशी आहे! हे पोटात जातंय!"

"अगंबाई," मागून कुणीतरी म्हणालं, "काळी बाधा बाहेर पडली!"

आता बायका बाईंसमोर रांग लावू लागल्या. आमचीही कडी काढा, आमचीही बाधा काढा. बाई ओरडून सांगत होत्या, "अहो, धुवा! नुसती धुवा! साबणाने घासा!" पण त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येत नव्हता. दादाने ते सगळं पाहिलं. मग तो लंगडत, खांबांचा आधार घेत जिना उतरून गेला. बाई रांगेतून सुटून खाली पोचेपर्यंत रिक्षा निघून गेली होती.

त्याच आठवड्यात दादा डेपोत कोसळला. नशीब एवढंच की बस उभी होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी साखरेचा आकडा बघितला आणि पायाची पट्टी सोडली. वहिनीने तोंड फिरवलं. उलट्या, जुलाब, अंगात ताप आणि बुटाने चावलेली ती जखम आता काळी पडलेली. "बोटं वाचणार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "पाऊल वाचेल का, ते उद्या सांगतो."

पाऊल वाचलं नाही. जीव वाचला.

गुरू तोवर दुसऱ्या गावी गेले होते. हॉलमध्ये आता शिवणकामाचा वर्ग भरतो. पोलिसांत तक्रार दिली, तेव्हा साहेबांनी विचारलं, "त्यांनी जबरदस्ती पाजलं का?" बाईंना "नाही" म्हणावं लागलं. वहिनी घरी गेली, तिने बाटली उलटी करून मोरीत ओतली आणि मोरीतच बसून राहिली. तिला दोष कोण देणार? वर्षानुवर्षं दादाला रोजची सुई टोचत होती तीच.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. एका दुपारी त्यांच्या बायकोने खाटेखालून हळूच स्टीलची बाटली काढली आणि बाईंना दबक्या आवाजात विचारलं, "आमचीपण बोलते हो. काय करू?"

"ओतून टाका. कडी काढून गरम पाणी आणि साबण घालून ब्रशने घासा. झाकण न लावता पूर्ण वाळू द्या. मग साधं पाणी भरा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका."

"बरं," ती म्हणाली. तिने बाटली पदराने पुसली आणि जिथून काढली होती तिथे परत सरकवली.

बाई दादाच्या खाटेशी परत आल्या. अजून काय सांगायचं, कसं सांगायचं? दादा उशीवरून हे सगळं ऐकत होता.

"चिमे, तू मंचावर बोललीस ना, तेव्हा मला सगळं पटलं होतं."

"मग? मग का थांबला नाहीस?"

"तो आवाज खोटा आहे हे कळलं गं. पण सुई नको म्हणणारा गुरूच एकटा होता."

बाईंनी त्याचा हात हातात घेतला. त्यांच्याकडे गॅसचं उत्तर होतं, उष्णतेचं होतं, बुरशीचंही होतं. याचं उत्तर नव्हतं. त्यांना आठवेना, की आपण शेवटचं कधी दादाला विचारलं होतं, सुई टोचून घेताना तुला काय वाटतं?

वाचकहो, बाटली का बोलते हे आता तुम्हाला ठाऊक आहे. पण शेजारच्याला तेवढंच सांगून थांबू नका. तो आधी कशाला कंटाळलाय ते विचारा, त्याच्याजवळ बसा, त्याच्याबरोबर दवाखान्यात जा. आणि जो कुणी तुम्हाला औषध सोडा म्हणेल, कशाला हात लावू नका म्हणेल, त्याला तोंडावर विचारा, का? नीट उत्तर मिळालं नाही, तर सरळ उठून घरी या.