बरणीत मासा आहे

मित्रांनो, पैज लावून सांगतो, माझ्या बोलण्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. मी एक जुना मासा आहे, समुद्राच्या अगदी तळाचा. सध्या मुक्काम तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, कोपऱ्यातल्या फळीवर, एका बरणीत.

माझ्या जन्मगावी उजेड कधी आलाच नाही. वरून मेलेल्या जीवांचा चुरा भुरभुरत येई, तेच आमचं जेवण. लांब एखादा दिवा लुकलुकला, की आम्ही मागे सरायचो, कारण दिव्यामागे दात असत. माझी आत्या एकदा बघायला गेली. दिवा विझला. आत्याही.

आणि पाण्याचा भार म्हणाल, तर तुमच्या एका नखावर मोटार उभी करावी, एवढा! मग मी चिरडलो कसा नाही? अहो, चिरडायला आत पोकळी लागते. माझ्या पोटात हवेची पिशवीच नाही. बाहेरचं पाणी जेवढं दाबतं, तेवढंच आतलं उलटं रेटतं. हाडं मऊ, मांस लिबलिबीत, आणि पेशींत असा एक पदार्थ, की दाबाने तिथलं काही वेडंवाकडं होऊच देत नाही. याच अंगाने मी तीन देवमासे चीत केलेत. हसू नका.

पुढे जाळ्यात सापडलो. वर येता येता अंग सैल पडलं, तोंडाचा पार लगदा झाला. विज्ञानाच्या बाईंनी मला मायेने बरणीत ठेवलं. पण मासा टिकवायच्या औषधाऐवजी मिठाचं पाणी ओतलं. म्हणाल्या, "त्याला घरच्यासारखं वाटू दे." वाटलं हो! मुलं काचेला नाक लावून कौतुक करायची. मग काचेवर धूळ बसली, आणि आत मी विरघळू लागलो. आधी शेपूट, मग पोट.

आज प्रयोगशाळेचे मामा फळी आवरताहेत. रिकामी दिसेल ती बरणी बेसिनात उपडी करताहेत. माझे दोन शेजारी गेले. मित्रांनो, मला त्या भोकात जायचं नाही. तिथेही अंधार आहे, पण तो माझ्या ओळखीचा नाही. जपा रे मला! मामांना एवढंच सांगा, यात मासा आहे, चांगला धडधाकट, डोळ्यांसकट शाबूत.

मामांचा हात माझ्या झाकणावर येतो.

"पोरांनो, यात आहे का रे काही?"

दोन वेण्यांची एक मुलगी टाचा उंचावून काचेला डोळा लावते. मी उरलंसुरलं बळ एकवटून पुटपुटतो, "आहे म्हण, ताई."

"मामा," ती ओरडते, "आतून कुणीतरी म्हणतंय, मासा आहे म्हणून. पण खोटं बोलतंय! आत कुणीच नाहीये."