सोडतीचा माईक

बरिंगल गावात लायल बिडवेलला दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे, मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालायचे असतात, आणि मतदानाचा हक्क मिळाल्यापासून त्याने निळ्या पक्षाखेरीज कोणालाही पहिली पसंती दिलेली नव्हती. दुसरी म्हणजे, हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या बोल्स खेळाच्या क्लबात दर शुक्रवारी संध्याकाळी मांसाच्या ताटाची जी सोडत निघते, तिचा माईक त्याच्या हातात होता. पहिल्या गोष्टीचं कौतुक फक्त त्याच्या बायकोला होतं, तेही जेमतेम. दुसरीसाठी मात्र गाव त्याला ओळखत असे. बाजारात पोरंटोरंसुद्धा त्याच्या आवाजाची नक्कल करत, आणि लायल ती ऐकू येत नाही असं दाखवून शेवटपर्यंत ऐकत थांबे.

माईकवर त्याला अडवणारं गावात एकच माणूस होतं, नोरीन कॅसिडी. नोरीन लाल पक्षाची. ती नेमकी पहिल्या टेबलावर बसायची. लायल सोडतीचा आकडा सांगता सांगता सरकारचा एखादा आकडा सांगून जायचा, आणि मग नोरीन खालून त्याला धरायची. दोघांचं भांडण इतकं जुनं होतं, की दोघांच्याही खात्यावर एकमेकांचे मुद्दे जमा झालेले होते. एकदा लाल पक्षाने शहरातला उमेदवार आणून उभा केला, तेव्हा "उपरा परत जा" असा फलक घेऊन लायल मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभा राहिला होता आणि नोरीनने "माणूस कुठला ते बघू नका, डोकं बघा" असं गावाला शिकवलं होतं. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं न मिळाल्याने बाद झालेल्या उमेदवाराच्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंत्या वळून लाल निवडून आले, तेव्हा लायल म्हणाला होता, हा दिवसाढवळ्या दरोडा आहे. पुढच्या खेपेला तशाच वळलेल्या पसंत्यांवर निळे निवडून आले. तेव्हा तोच लायल माईकवरून म्हणाला, पसंतीची पद्धत म्हणजे लोकशाहीच्या मुकुटातलं रत्न. नोरीनने त्या दिवसापासून दरोडा हा शब्द उचलला होता.

निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात मात्र कडेलोट झाला. ताटाचा आकडा निघाला होता, जिंकणारा उठून पुढे येत होता, आणि लायल माईक धरून नोरीनला धरणाच्या खर्चाचा हिशेब विचारत होता. तेवढ्यात क्लबच्या अध्यक्षीण बाई मर्ल यांच्या बिस्किट नावाच्या कुत्र्याने ताटातली कोकराची अख्खी तंगडी उचलली आणि हिरवळीवर नेली. मर्लने कुत्र्याला काही म्हटलं नाही. ती लायल आणि नोरीनकडे आली.

"शनिवारी मतदान आहे," ती म्हणाली. "तुम्ही दोघं शाळेच्या फाटकाशी दिवसभर शेजारी शेजारी उभे राहणार, आणि मी तिथेच सॉसेजच्या टपरीवर असणार. मतदान संपेपर्यंत आपापल्या पक्षासाठी भांडायचं नाही. जो भांडेल त्याच्याकडे माईक नाही. लायल भांडला, तर माईक नोरीनला."

"आणि ती भांडली तर?" लायलने विचारलं.

"तर तिला कधीच मिळणार नाही."

लायल घरी गेला तो हिशेब मांडतच. नोरीनकडे गमावण्यासारखं काही नव्हतं. त्याच्याकडे होतं. याचा अर्थ ती त्याला दिवसभर डिवचणार, आणि त्याच्या जिभेला लहानपणापासून कुलूप नाही हे तिला पुरतं ठाऊक होतं. रात्री दात घासताना त्याला युक्ती सुचली. भांडायला दोन माणसं लागतात. आपण प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचं.

शनिवारी सकाळी शाळेच्या फाटकाबाहेर खडूची रेघ मारलेली होती. तिच्या आत प्रचाराला बंदी. रेघेच्या अलीकडे एका अंगाला निळा टीशर्ट घातलेला लायल, दुसऱ्या अंगाला लाल टीशर्ट घातलेली नोरीन. दोघांच्याही हातात मत कसं द्यायचं ते सांगणारी पत्रकं. पलीकडे तव्यावर सॉसेज चरचरत होती, सिरिल पिट कांदा परतत होता आणि मर्ल पावाच्या कापांवर सॉसेज ठेवत होती. मत न दिलं तर दंड, त्यामुळे गावात असं एकही माणूस नव्हतं जे त्या रांगेत येणार नाही.

"काय रे लायल," नोरीनने सुरुवात केली, "तुमचा उमेदवार ट्रेंट फॉसेट येतोय ना? की त्याच्या गाडीला बरिंगल अजून सापडलंच नाही?"

"सापडायला वेळ लागेल खरा," लायल म्हणाला. "शहरातला आहे ना तो."

नोरीनने भुवई वर केली. "आमचा माणूस बाहेरचा होता तेव्हा फलक घेऊन कोण उभं होतं?"

"मी. अक्षरसुद्धा माझंच होतं."

"आणि आता?"

"आता काय गं, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. चुकलंच माझं."

एवढं बोलून लायलने पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरला, कारण आत पुढचं वाक्य तयार होऊन उड्या मारत होतं. तेव्हा डोकं बघा म्हणणारी तूच ना, आज गाव कसं बघतेस? वाक्य चांगलं होतं. त्याने ते गिळलं. सकाळी उठून असली वाक्यं गिळणं म्हणजे न चावता मूग गिळण्यापैकीच.

बेकरीवाली आयरिस रांगेत आली. ती दर वेळी कोणाला मत द्यायचं ते रांगेतच ठरवायची. "लायल, तुझा माणूस कसाय रे?"

नोरीन बघत होती. लायलच्या ओठांवर ट्रेंटची अख्खी कारकीर्द आली. तो म्हणाला, "नोरीनला विचार. ती म्हणेल तसाच आहे."

"गाढव आहे," नोरीन म्हणाली.

"बघ," लायल म्हणाला.

आयरिसने लाल पत्रक घेतलं आणि लायलकडे तो आजारी असल्यासारखं बघत आत गेली. तिच्यामागचे तिघे ते ऐकत होते, त्यांनीही लालच घेतलं. पक्ष मोठा की माईक, असा प्रश्न त्याने स्वतःला आजवर विचारलाच नव्हता. त्याने आता विचारला, आणि उत्तर फारच पटकन आलं. पक्षाला देशभर माणसं होती. माईकला एकच होतं.

दुपारी उमेदवार ट्रेंट फॉसेट स्वतः येऊन गेला. गावाचं नाव त्याने दोनदा चुकीचं घेतलं, मर्लच्या कुत्र्याशी हात मिळवला आणि नोरीनला आपली कार्यकर्ती समजून तिचे आभार मानले. नोरीनने आशेने लायलकडे पाहिलं.

"हा असा कसा रे? याला पत्रकाचा रंगसुद्धा कळत नाही."

"नाही कळत."

"याच्याकडे तुम्ही राज्य देणार?"

"द्यायला नको खरं तर."

नोरीनने पिशवीतला थर्मास काढला, चहा ओतला आणि तो न पिताच परत ठेवला. एवढ्या वर्षांत तिच्यावर अशी वेळ आली नव्हती. भिंतीवर टोलवलेला चेंडू परत येईना. "लायल, तू माणूस आहेस की उशी? पक्ष विकतोयस तू, ताटाच्या सोडतीसाठी."

"हो गं. विकतोय."

मग ती रांगेतल्यांना पत्रकं वाटत राहिली. ऊन कलायला लागलं तसं तिला राहवेना, आणि तिने बाजू बदलून पाहिली. "एक सांगते, तुमचा ट्रेंट हिशेबनीस आहे म्हणतात. आकड्यांची तरी अक्कल असणार त्याला."

"नसेल," दिवसभर ट्रेंटला नावं ठेवायच्या सवयीने लायल म्हणाला.

"नसेल कशी? परीक्षा पास झालाय तो. आमच्या उमेदवार ग्लेनिसपेक्षा बराच म्हणायचा. तिने नगरपालिकेत असताना ओढ्यावर पूल बांधला आणि त्याला रस्ता जोडायला विसरली. दोन वर्षं त्या पुलावर फक्त बदकं बसायची."

पूल हा लायलचा मुद्दा होता. त्याने तो घासून घासून चकचकीत केला होता, आणि आज नोरीन तो स्वतःचाच असल्यासारखा वापरत होती, आणि तोही चुकीचा. चुकीचा कसा, हे लायलला पक्कं माहीत होतं. त्याने ओठ मिटले. ते उघडले.

"विसरली नव्हती ती."

"काय?"

"ग्लेनिसने रस्त्याचा ठराव मांडला होता. आमच्या लोकांनी पाडला. मी होतो ना त्या सभेत. टाळ्या वाजवल्या मी."

"मग तुमचे लोक हुशार," नोरीन कडाडली. "पैसे वाचवले त्यांनी."

"कसले हुशार? बिनरस्त्याचा पूल ठेवला. ग्लेनिस बाई जे म्हणत होती ते बरोबर होतं."

"ग्लेनिसला काय कळतंय? ट्रेंट असता तर त्याने आधी रस्ता केला असता."

"ट्रेंट? त्याला कुत्रा आणि मतदार यांतला फरक कळत नाही, आणि तू त्याचं सांगतेस मला?"

रांग थांबली होती. आत जाणारे आत जाईनात, बाहेर येणारे सॉसेज विसरले. निळ्या टीशर्टातला माणूस हात वर करून लाल पक्षाची बाजू मांडत होता, लाल टीशर्टातली बाई निळ्यांसाठी घसा फोडत होती, आणि पहिल्यांदाच दोघांचंही बोलणं गावाला खरं वाटत होतं. मतदान केंद्राचा अधिकारी बाहेर येऊन म्हणाला, "अहो, जे काय आहे ते रेघेपासून लांब न्या." आणि तो स्वतः मात्र ऐकायला तिथेच थांबला.

मर्ल चिमटा घेऊन आली. "कोणी सुरू केलं?"

"हिने."

"याने."

"नियम काय होता?"

"आपापल्या पक्षासाठी भांडायचं नाही," लायल म्हणाला. "मी नाही भांडलो."

"मीपण नाही," नोरीन म्हणाली. त्या दोघांचं एकमत झालेलं गावाने पहिल्यांदा पाहिलं.

मर्लचं घोडं तिथे अडलं. तिच्या नियमात असलं कलम नव्हतं. रांगेतून आयरिस म्हणाली, "मतं घ्या ना माईकवर. नाहीतरी उभेच आहोत आम्ही."

"दोघांत कसला पसंतीक्रम?" मागून कोणीतरी म्हणालं. "तिसरा हवा."

मर्लने इकडेतिकडे पाहिलं. "सिरिल, उभा राहतोस का?"

सिरिल पिटने कांदा हलवला. "उभाच आहे मी."

सॉसेजसोबत देतात ते कागदी रुमाल मर्लने वाटले. कांद्याची रिकामी बादली पेटी झाली. लायलने रांगेवरून नजर फिरवली. निळे जास्त होते. त्याला डोळे मिटून दिसत होतं की तो जिंकतोय. इतकं स्पष्ट दिसत होतं की नुसतं जिंकणं त्याला कमी वाटू लागलं. दिवसभर गिळलेली वाक्यं पोटात होती. नोरीन हरायला तर हवीच, पण सिरिलच्याही खाली गेली तर? ज्याने आयुष्यात कांद्याशिवाय कशाला हात लावला नाही, त्याच्या खाली? माझं एक मत गेल्याने मला काय फरक पडतो. त्याने रुमाल पाठीमागे धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पहिली पसंती तिसऱ्याच कोणालातरी दिली. सिरिलपुढे एक, स्वतःपुढे दोन.

मर्लने आणि आयरिसने टपरीच्या टेबलावर मोजणी केली. लायल सगळ्यात पुढे. गाव टाळ्या वाजवायला लागलं, तसं मर्लने हात वर केला. त्याची मतं निम्म्याहून जास्त नव्हती, म्हणजे सगळ्यात खालचा बाद करून त्याच्या पसंत्या वाटायच्या. सिरिलला गावाच्या अपेक्षेपेक्षा बरीच मतं पडली होती, कारण कांदा दोनदा मागितला की तो दोनदा देत असे. सगळ्यात खाली नोरीन होती, सिरिलपेक्षा एका मताने.

लायलच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते तसंच होतं, तोवर मर्लने नोरीनचे रुमाल पुन्हा उचलले आणि त्यांवरच्या दुसऱ्या पसंत्या वाटायला घेतल्या. लाल माणसांनी लायलला तिसरा क्रमांक दिला होता. एकजात. सगळे रुमाल सिरिलच्या ढिगावर गेले.

"सिरिल," मर्ल म्हणाली.

"काय?" सिरिल म्हणाला.

आमदार कोण झाला, हे गावाने दोन दिवस विचारलंही नाही.

शुक्रवारी क्लब भरला होता. सिरिलने माईक धरला, फुंकर मारली नाही, हॅलो म्हटलं नाही. "त्रेपन्न," तो म्हणाला आणि थांबला. पुन्हा सांगत नाही हे कळल्यावर लोक आपापली चिठ्ठी बघू लागले. क्लबात इतकी शांतता आजवर फक्त शोकसभेला झाली होती.

लायल त्या दिवशी मागच्या टेबलावर बसला होता. नोरीन आपला ग्लास घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली.

"माईक काय धरलाय बघ त्याने," लायल म्हणाला. "चमचा धरल्यासारखा. याला काही अनुभव आहे का? काही धोरण?"

"काही नाही," नोरीन म्हणाली. "मी एका मताने गेले रे. सिरिलला ते एक मत पडलं नसतं तर आमची बरोबरी झाली असती, तो आपणहून बाजूला झाला असता, आणि कांदेवाल्यांची दुसरी पसंती तुलाच मिळाली असती. सिरिलला विचारलं मी. त्याने स्वतःला दिलं नव्हतं, तुला दिलं होतं."

लायलने ग्लासात पाहिलं.

"मग सिरिलला पडलेलं ते जादा मत कोणाचं असेल?"

आज भांडायला बंदी नव्हती, तरी लायल ग्लासाखालचा पुठ्ठा सरळ करत बसला. नोरीनने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन," ती हळूच म्हणाली. "बरं, मग आता पसंतीची पद्धत काय ठरली? दरोडा की रत्न?"

"त्रेपन्न," सिरिल एवढ्यात दुसऱ्यांदा म्हणाला, आणि ही त्याने केलेली मोठीच कृपा होती. लायलने खिशातली चिठ्ठी काढली. त्रेपन्न त्याचाच होता, आणि तो उठून पुढे गेला.

जिंकणाऱ्याने दोन शब्द बोलायचे, ही प्रथा लायलनेच पाडलेली. सिरिलने ताट टेबलावर ठेवलं आणि माईक त्याच्यापुढे केला. लायलने तो हातात घेतला. वजन ओळखीचं होतं. समोर सगळं गाव, आणि मागच्या टेबलावर ग्लास उंचावून बसलेली नोरीन.

"मंडळी," लायल म्हणाला, "मोजणीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली."

त्याने ती सांगितली. मग दुसरी सांगितली. दिवसाढवळ्या दरोडा हे शब्द तो तिसऱ्यांदा घेत होता, तेव्हा पहिल्या टेबलावरची माणसं खाली वाकून काहीतरी बघायला लागली. लायलने वळून पाहिलं. ताटावर कोथिंबिरीची एक काडी उरली होती, आणि बिस्किट हिरवळीच्या पार पलीकडे पोचला होता.

"रत्न," नोरीन मागून म्हणाली.

सिरिलने माईक हळूच काढून घेतला आणि पुढच्या ताटाची चिठ्ठी उचलली. "अठरा," तो म्हणाला.