तीनशे अकरा मासे

माझ्या दुकानाच्या दारावर पाटी आहे : 'सेल बदलून मिळेल. तुमचा खेळ जाणार नाही.' दुसरं वाक्य मी मुद्दाम मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं. जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो. तो जिवंत आहे तोवर तुम्ही कुठवर खेळलात ते कॅसेटला आठवतं. तो गेला की सगळं साफ. म्हणून जुना सेल काढायच्या आधी आतली नोंद कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची आणि नवा बसवला की परत भरायची. दोन मिनिटांचं काम. वीस वर्षांत माझ्या हातून एकही खेळ गेला नव्हता, आणि ही टिमकी मी येईल त्याच्यापुढे वाजवत होतो.

एके दिवशी एक काकू आल्या त्या रुमालात गुंडाळलेली कॅसेट घेऊन. "ह्यांची आहे," म्हणाल्या. त्यांचे 'हे' म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. तीन वर्षांपासून विसरण्याचा आजार. आपण जेवलो की नाही हे आठवत नाही, कधी मुलीचं नावसुद्धा सापडत नाही. पण या खेळात एक तळं आहे. परदेशी जायच्या आधी मुलीने त्यांना त्या तळ्यापर्यंत नेऊन सोडलं होतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिथे बसून मासे पकडायचे, हा एकच उद्योग. पकडलेल्या माशांची यादी खेळातच राहते. ती उघडून रोज मोठ्याने वाचायची. तीनशे अकरा झाले होते.

"हल्ली मधूनच यादी दिसत नाही. बंद करून लावली की येते. सेल संपत आलाय ना?"

"हो. बदलून देतो."

"जाणार नाही ना काही? त्यांना तेवढंच उरलंय हो."

"काकू, बाहेरची पाटी वाचलीत ना?" मी म्हणालो.

त्या दिवशी दुपारी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. दुरुस्त करून नेलेलं बटण परत अडकतंय म्हणे. मला माझ्या कामात खोट काढलेली खपत नाही. फोन खांद्यात धरून मी त्याला अक्कल शिकवत होतो आणि हात आपोआप चालत होते. सेल पक्का धरणारा डाख वितळला, सेल चिमट्यात आला, आणि तेव्हा मला आठवलं की नोंद उतरवून घ्यायचीच राहिली. तिकडे तो अजून भांडत होता. मी फोन ठेवला, नवा सेल लावला, कॅसेट सुरू केली. यादी रिकामी होती. तळंही नव्हतं. पडद्यावर एक शिकाऊ पोरगा गावाच्या वेशीवर उभा होता, खेळ पहिल्यापासून सुरू करायला.

दुसऱ्या दिवशी काकूंना मी सांगितलं, "सेल आधीच गेला होता. माझ्याकडे आली तेव्हाच कॅसेट कोरी होती." मी फार सहज बोललो, त्याचीच मला अजून लाज वाटते.

काकूंनी टेबलाची कड धरली. "मी रविवारी ती ओल्या फडक्याने पुसली होती. त्यानेच गेलं असेल का?"

एक 'नाही' म्हणायचं होतं. मी म्हणालो, "असू शकतं."

"माझं मेलीचं सगळंच असं," त्या म्हणाल्या, आणि वर माझे आभार मानून गेल्या.

रुमाल तेवढा विसरल्या. दोन आठवडे तो टेबलावर पडून होता. बघवेना म्हणून शेवटी एका संध्याकाळी पत्ता शोधून द्यायला गेलो. दार उघडंच होतं. आतून आवाज आला, "अगं, माझे मासे कुठे गेले?"

"माझ्या हातून गेले हो. मी कॅसेट ओल्या फडक्याने पुसली."

"कुणी सांगितली होती नसती उठाठेव?" काका असे ओरडले की मी उंबऱ्यावरच थांबलो.

काकू बाहेर आल्या. "रोज विचारतात. रोज सांगते. ते विसरतात, म्हणून रोज पहिल्यांदाच चिडतात." हे त्या तक्रार म्हणून बोलल्या नाहीत, आणि मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. मी एकदा खोटं बोललो होतो. ते खोटं ही बाई रोज संध्याकाळी स्वतःच्या माथी घेत होती.

तिथेच, चप्पल न काढता, मी खरं सांगून टाकलं. त्यांनी माझ्या हातातला रुमाल घेतला आणि त्याची घडी केली.

"मला नका सांगू," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगा. आणि उद्याही या. उद्या ते परत विचारतील."

तेव्हापासून रोज सहाला जातो. पहिल्या काही दिवसांत थोडं थोडं खेळून मी काकांना पुन्हा तळ्यावर नेऊन पोचवलं. पण यादी उघडली की ते विचारतातच. मग मी सांगतो, "काका, मी दुरुस्तीवाला. तुमचे मासे माझ्या चुकीने गेले." कधी ते शिव्या देतात, कधी तोंड फिरवून बसतात. सवय होईल असं वाटलं होतं. होत नाही, कारण समोरचा माणूस रोज नव्याने ऐकत असतो.

परवा मात्र काकांनी मला शेजारी बसवून घेतलं. पाठीवर हात ठेवला आणि काकूंना म्हणाले, "बघ, याला म्हणतात माणूस. चूक झाली तसा धावत सांगायला आला. नाहीतर लोक दुसऱ्यावर ढकलतात."

काकू वाटाणे सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गप्प बसलो असतो तर उद्यापर्यंत ते विसरलेच असते. मी म्हणालो, "धावत नाही आलो, काका. दोन आठवडे लपवलं. आणि काकूंवर ढकललं."

त्यांनी पाठीवरचा हात काढून घेतला. "हिच्यावर?" असं एकदाच विचारलं, आणि खेळ बंद करून ते काकूंच्या शेजारी वाटाणे सोलायला जाऊन बसले.

आता मी रोज तेवढंही सांगतो.