कैलासवासी पुंजाराम पहिलवान हजर

आपण मेल्याची बातमी पुंजारामला मोबाइलवर कळली. जालन्याच्या एमआयडीसीत एका सळईच्या कारखान्यात तो वजनकाट्यावर बसायचा. ट्रक आला की वजन घ्यायचं, ट्रक गेला की चहा घ्यायचा. कारखान्यात त्याला सगळे काटेवाले मामा म्हणायचे. चहा घेताघेताच त्यानं तो बॅनर बघितला. 'कैलासवासी पुंजाराम पहिलवान यांच्या पुतळ्याचे अनावरण, निंबवाडी, ता. भोकरदन.' खाली हात जोडलेले सरपंच काकासाहेब, आणि बाजूला प्रमुख पाहुणे म्हणून वस्ताद वसंता.

घरी येऊन त्यानं बायकोला दाखवलं. केशरबाईनं चष्मा लावून वाचलं, नवऱ्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मंग आता कुंकू पुसू का भाकरी टाकू?"

"भाकरी टाक," पुंजाराम म्हणाला. "पण मी जाणार हाय तिथं."

मुळातली गोष्ट अशी. दहा वर्षांपूर्वी निंबवाडीच्या जत्रेतली शेवटची कुस्ती पुंजारामनं मारली होती. पुंजाराम परगावचा, समोर गावचाच वसंता, अंगानं दीडपट. पुंजारामनं ढाकेचा डाव मारून त्याला चितपट केलं, गदा खांद्यावर घेतली आणि फेटा बांधून हलगीच्या मागं गावभर मिरवला. पुढं गुडघा गेला, कुस्ती सुटली, जालन्याला नोकरी लागली. गदा घरी दाराला अडण म्हणून लागली. जिंकलेल्या माणसाला गावानं वर्षभरात विसरून टाकलं. जगाची रीतच आहे ती, तिच्यावर डोकं फोडून घेण्यात अर्थ नाही.

हरलेला मात्र कुणी विसरलं नाही, कारण हरलेल्याला तोंड होतं. तुला कुणी पाडलं रे, असं कुणी डिवचलं की वसंता सांगायला बसायचा. पहिल्या वर्षी त्यानं पुंजारामला वीतभर उंच केलं. मग छाती रुंद केली. मग तो न्याहारीला बोकड खायला लागला. बरोबरच आहे, पाडणारा जेवढा मोठा, तेवढी पडणाऱ्याची अब्रू झाकलेली. होता होता पुंजाराम एवढा वाढला की त्याच्या हातून पडणं हाच मान ठरला, आणि त्या मानावर वसंतानं तालीम काढली. पोरं आली, पोरीही आल्या. वस्ताद, त्यांना एकदा आणा की, असं म्हणायला लागली. आता एवढा माणूस आणायचा कुठून? वसंतानं नाइलाजानं त्याला मारून टाकलं. धरतीला भार सोसेना म्हणून गेला, असं सांगितलं. गाव हळहळलं आणि पुतळ्याच्या तयारीला लागलं.

पुंजारामला एवढंच पाहिजे होतं, की त्या पुतळ्याखाली कुणीतरी म्हणावं, हा तोच, आणि हा जिवंत आहे. बाकी हारतुरे गेले खड्ड्यात. जत्रेच्या दिवशी गदा पोत्यात घालून तो भोकरदनच्या बसमध्ये बसला.

पुतळा बघून त्याला घाम फुटला. दंड असे की शेजारची पाण्याची टाकी लहान दिसत होती. वर पिळदार मिशा. पुंजारामनं जन्मात मिशी ठेवली नव्हती. तरी तो धीर करून मांडवात गेला आणि सरपंचांना म्हणाला, "मी पुंजाराम."

"या ना, बसा," काकासाहेब म्हणाले. "कोण पुंजाराम?"

"हे." त्यानं पुतळ्याकडं बोट केलं.

काकासाहेबांनी पुतळा बघितला, मग त्याला बघितलं. "दादा, जेवण तिकडं चालू हाय," ते मायेनं म्हणाले.

पुंजारामनं पोत्यातून गदा काढली. पुढंच बसलेल्या म्हाताऱ्या गिरिजाबाई म्हणाल्या, पुंजारामबाबाची गदा उचलायला चार माणसं लागायची, ही तर वरवंट्याएवढी हाय. मांडव हसला. पुंजारामनं वसंताकडं बघितलं. पोट सुटलेला वसंता फेटा बांधून खुर्चीत बसला होता आणि त्याच्या तोंडाचं पाणी पळालं होतं.

"वसंता, सांग यांला."

"मी न्हाई ओळखत," वसंता आपल्या चपलांकडं बघून म्हणाला.

हे मात्र पुंजारामच्या काळजाला लागलं. "मंग आखाडा ओळखील," असं म्हणून त्यानं सदरा काढला.

जत्रेतल्या माणसाला एक कुस्ती जास्तीची मिळाली तर तो नाही कशाला म्हणेल? हलगी सुरू झाली. तालमीच्या पोरांदेखत वसंताला माघार घेता येईना. दोघं मातीत उतरले. रिवाजाप्रमाणं एकमेकांच्या हाताला माती लावताना वसंता कानाशी पुटपुटला, "पुंजा, हात जोडतो, पडून घे. तू मेलेला हायस म्हणून माझी तालीम चालू राह्यली."

"इतकी वर्षं मेलोच व्हतो की," पुंजाराम म्हणाला. "आज एक दिस जगू दे."

आता ती कुस्ती काय सांगावी. एकाचा गुडघा गेलेला, एकाचं पोट पुढं आलेलं. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले ते सुटेचनात, कारण जो सुटेल तो पडणार होता. पंच मधल्या मध्ये तंबाखू मळून आला. धापा टाकता टाकता पुंजारामला दिसलं, वसंताचा डावा पाय पुढं आलाय, तेव्हा आला होता तसाच. वस्ताद झाला तरी खोड गेली नव्हती. पुंजारामनं पुढचा विचार केलाच नाही. ढाक बसली आणि वसंता उताणा पडला.

हलगी थांबली. पुंजाराम तिथंच उभा राहिला. हातपाय लटलट कापत होते. आता कुणीतरी म्हणेल, हा तोच, म्हणून तो कान देऊन थांबला.

"अंगात आलं," गिरिजाबाई म्हणाल्या. "पुंजारामबाबा आले याच्या अंगात. बघा कसा कापून राह्यला."

"न्हाई हो," पुंजाराम म्हणाला. "मीच हाय. मीच पुंजाराम."

"बाबा सोता बोलून राह्यले," काकासाहेबांनी हात जोडले, आणि सगळा आखाडा पायावर आला. कुणी लिंबू आणलं, कुणी ऊद जाळला. एकानं विचारलं, बाबा, म्हैस गाभण राहीना. पुंजाराम वैतागून म्हणाला, मला काय विचारता, डॉक्टरला दाखवा. बाबांनी डॉक्टरला दाखवायला सांगितलं, असं मागच्या रांगेपर्यंत गेलं. मी जालन्याला काट्यावर काम करतो, असं त्यानं ओरडून सांगितलं, तेव्हा बाबा आता जालन्याला वस्तीला आहेत हेही गावाला कळलं. खरं बोलावं तितका तो जास्तच मेलेला ठरत होता.

वसंता अजून उताणाच होता. त्याला उठवायला कुणी गेलं नाही. खुद्द बाबांनी येऊन पाडला म्हटल्यावर त्याचाही मान दुप्पट झाला होता. पुंजारामनं हात दिला. वसंताच्या डोळ्यांत पाणी होतं. "तोंडानं खोटं बोललो रे," तो हळूच म्हणाला, "पण पाठीला न्हाई जमलं. तिनं ओळखलं तुला."

मग पुंजारामला दम बसला, कापरं थांबलं. "उतरले बाबा," गिरिजाबाई म्हणाल्या, तशी माणसं उठली आणि जेवणाकडं गेली. गदा गावानं पुतळ्याच्या पायाशी ठेवून घेतली. काकासाहेबांनी पुंजारामच्या हातात नारळ दिला. "पुढल्या साली बराबर या. बाबा तुमच्याच अंगात येतात."

"आन मी असाच आलो तर? नुसता?"

काकासाहेबांना प्रश्न कळला नाही. "नुसतं येऊन काय करता?" ते म्हणाले.

घरी पोचला तेव्हा अडण नसल्यानं दार वाऱ्यानं आपटत होतं. केशरबाईनं आधी दाराला पाटा लावला, मग विचारलं, "ओळखलं का कुणी?"

"एकानं."

"कोण?"

"ज्याला पाडलं त्यानं. पण ते कुणाला सांगायचा न्हाई."

केशरबाईनं नारळ फोडला. खोबऱ्याचा मोठा तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला. मातीनं भरलेला तो हात तिनं जरा वेळ तसाच धरून ठेवला.

"खा, पहिलवान," ती म्हणाली.