ग्लेनिसच्या भिंतीवरचं बटण

जेवण उरकून ग्लेनिस घरभर बटणं बंद करत निघाली होती. टीव्ही, किटली, वायफायची पेटी, सगळं भिंतीवरूनच बंद. ही तिच्या नवऱ्याची, मर्व्हची शिस्त. मर्व्ह जाऊन तीन वर्षं झाली, पण त्याच्या शिस्तीला सुट्टी नव्हती. तेवढ्यात दार वाजलं.

दारात तोच उभा होता. रोज संध्याकाळी फोन घेऊन फाटकाशी घुटमळणारा, दूरच्या वानुआतू बेटांवरून इथे रेनमार्क गावच्या मळ्यांत संत्री तोडायला आलेला मजूर. हा घरावर नजर ठेवतोय, असं ग्लेनिसनं केव्हाच ठरवून टाकलं होतं, शेजारणीच्या कानावरही घातलं होतं.

"मावशी, मी कालो. आज ती पेटी तेवढी बंद करू नका."

"माझ्या घरातली पेटी. तुला रे काय करायचंय तिच्याशी?"

मग त्यानं सगळं सांगितलं. वायफायची कंपनी गिऱ्हाइकांच्या घरच्या पेटीतूनच रस्त्यावरच्यांनाही वायफाय देते, घरच्यांच्या वाट्याचं काही कमी न करता. मळ्यावरच्या खोल्यांत फोन लागत नाही, म्हणून तो इथे येऊन एफाते बेटावरच्या आईशी बोलायचा. रोज बोलणं अर्ध्यात तुटायचं आणि तो कंपनीच्या नावानं बोटं मोडायचा. काल खिडकीतून त्यानं ग्लेनिसला बटण दाबताना पाहिलं.

"आईचं आता काही खरं नाही. माझं घरी जायचं विमान गुरुवारी. तोवर ती राहील असं वाटत नाही."

ग्लेनिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका आईचं बोलणं आपण रोज आपल्या हातानं तोडत होतो.

"आत ये," ती म्हणाली. "रस्त्यावर कशाला उभा राहतोस?"

तो बूट काढून स्वयंपाकघरात बसला. फोनमध्ये उशीवर एक सुकलेला चेहरा दिसत होता. मायलेकांची भाषा ग्लेनिसला कळत नव्हती, तरी ती चहा करायचं विसरून ऐकत राहिली. मध्येच कालोनं फोन तिच्याकडे वळवला. म्हातारी थांबत थांबत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतात रे?"

"म्हणते, ज्या घरानं मला माझा मुलगा दाखवला, त्या घराचं भलं होवो."

मर्व्हच्या मागे या घराचा कुणाला उपयोग होत असेल, असं ग्लेनिसच्या मनातही आलं नव्हतं. तिनं हातातलं फडकं डोळ्यांना लावलं.

म्हातारी मंगळवारी गेली. बुधवारी संध्याकाळी पुन्हा दार वाजलं.

"चालू आहे रे पेटी," ग्लेनिस आतूनच म्हणाली. "बस, बोल घरच्यांशी."

"आज फोन नाही आणला, मावशी," कालो बूट काढत म्हणाला. "तुमच्याकडेच आलोय."

ग्लेनिसनं मर्व्हची खुर्ची पुढे ओढली.