डाव्या हातातली तलवार

मित्रांनो, मी एक जुने सोन्याचे नाणे आहे. बोटाच्या पेरावर मावेन एवढेच, पण माझ्या अंगावर तलवार घेतलेला अख्खा सम्राट उभा आहे. ज्या गावांना तो कधी गेला नाही, तिथल्या लोकांनी आपला राजा माझ्यावरच पाहिला.

माझा जन्म टांकसाळीत झाला. तिथला म्हातारा कारागीर ठसे कोरायचा. ठशावर सगळे उलटे कोरले, तरच नाण्यावर ते सुलटे उमटते. त्याने अक्षरे सवयीने उलटी कोरली, सम्राटाचे चित्र मात्र दरबारातल्या तसबिरीवरून जसेच्या तसे उतरवले. सोन्यावर घण पडला आणि त्याच्या लेकीने मला उचलून पाहिले.

"बाबा, तलवार डाव्या हातात आलीय."

म्हाताऱ्याच्या पाचावर धारण बसली. मला परत मुशीत टाकावे, तर पहिले नाणे न्यायला सम्राटाचा माणूस दारात उभा. राजाची थट्टा केली म्हणून आता हात तोडणार, असे धरूनच तो माझ्याबरोबर दरबारात गेला.

सम्राटाने मला बराच वेळ न्याहाळले.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही, महाराज. चूक झाली."

"चूक कसली? मी डावखुराच आहे. लहानपणी आई हा हात बांधून ठेवायची. राजा डावखुरा शोभत नाही म्हणे." मग तो हसला. "राहू दे आता असंच."

म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. खरे सांगते, माझाही.

पुढे मी सौदागरांच्या कमरेला बांधून फिरले, एका नवरीच्या गळ्यात मिरवले. मग कोणीतरी मला मडक्यात घालून पुरले आणि विसरून गेले. शेकडो वर्षे अंधारात काढली, फार एकटे वाटायचे. विहीर खणताना ज्या बाईला मी सापडले, तिने मला राखेने घासायला घेतले.

"राहू दे गं, चेहरा जाईल त्याचा," तिची सासू म्हणाली, म्हणून वाचले.

आता मी संग्रहालयात काचेआड असते. आज एक मुलगी समोर बसून माझे चित्र काढते आहे. तिच्या डाव्या हातातली पेन्सिल उजव्या हातात द्यायला आईने हात पुढे केला, तेवढ्यात आईची नजर माझ्यावर गेली.

"अगं बाई, हा पण?" असे म्हणून तिने हात मागे घेतला.

मित्रांनो, आम्हा जुन्या नाण्यांना घासू नका, वितळवू नका. आमच्या अंगावरच्या चुकासुद्धा जपा. एवढेच मागणे. आता मला जरा स्थिर राहू द्या, त्या मुलीची तलवार काढून व्हायची आहे.