काशाची वाटी ‘सा’ लावते

मी काशाची वाटी बोलतेय. काशाची! स्टीलची म्हणाल तर पालथी होऊन बसेन आणि पुढं एक शब्द सांगणार नाही.

कळमनुरीच्या बाजारात एका कासाराच्या दुकानातून मला शकुबाईच्या आईनं उचललं. घेण्याआधी तिनं मला कानाशी धरून नखानं टिचकी मारली आणि म्हणाली, “हीच द्या.” माझी निवड रूप बघून झाली नाही, आवाज ऐकून झाली. लग्नात शकुबाईबरोबर मी सेनगावकडच्या या गावी आले.

तेव्हा घरात माझा मान मोठा. कुणाचं अंग तापलं, डोळ्यांची आग झाली, की तळपायाला तूप लावायचं आणि मला त्यावर गोल गोल फिरवायचं. अंगातली उष्णता ओढून माझं बूड काळं पडायचं, माणूस मात्र गाढ झोपायचा. शकुबाईचे मालक रामकिशन तर तिसऱ्या फेऱ्यालाच घोरायला लागायचे.

मग पंखा आला, कूलर आला, मलमाची ट्यूब आली. मी गेले माळ्यावर, हरभऱ्याच्या डब्यामागं. बारा वर्षं! राग आला का? आला. का येऊ नये?

एक दिवस शकुबाईची नात वैष्णवी माळ्यावर चढली. चौथीतलं पोरगं, गुडघे कायम खरचटलेले. शाळेत रेवती मॅडमनी सांगितलं होतं, घरून एकेक वाटी आणा, चांगली वाजणारी.

“आजी, ही नेऊ का?”

“ने. कुठं कामाची हाय ती.”

हे वाक्य मी ऐकलं आणि जपून ठेवलं.

वर्गात सतरंजीवर आम्ही सात वाट्या ओळीनं बसलो. बाकीच्या साध्याच होत्या, पण बिचाऱ्या मनानं चांगल्या. मुलांनी तुरीच्या वाळल्या काड्या आणल्या, टोकाला घरचा कापूस गुंडाळला, वरून दोरा आवळला. झाली वाजवायची काडी. विकत काही आणलं नाही.

रेवती मॅडमची एक तऱ्हा होती. काडी मुलांच्या हातात द्यायची आणि आपले हात पाठीमागं बांधून उभं राहायचं.

“मॅडम, पाणी घातल्यावर आवाज जाड काहून होतो?” स्वप्निलनं विचारलं.

“अजून घाल आणि बघ.”

“पेनानं रेघ मारून ठेवू का? उद्या बराबर तेवढंच घालता येईल.”

“नाही. कानानं शोधायचं. रोज.”

मग काय! वर्गभर पाणी. एक थेंब जास्त झाला की सगळी ओरडायची, “उतरला! उतरला!” आठ दिवसांत त्या लेकरांचे कान असे तयार झाले की माझ्यात चमचाभर पाणी कमी असलं तरी वैष्णवी मान हलवायची. मी सगळ्यांत मोठी, म्हणून ‘सा’ मला मिळाला. बाकी सहाजणी माझ्यावरून आपला सूर लावायच्या. बारा वर्षांच्या अंधारानंतर हा मान! मला कुणी शिकवलं नव्हतं. पोटातच होतं ते.

आणि नेमकी तेव्हाच शकुबाईला माझी आठवण झाली.

“आजोबाचे पाय जळून राहिले, आन् वाटी तिकडं शाळेत नाचून राहिली! शनिवारी पालकसभेला येते आन् घेऊनच जाते.”

“आजी, मग ‘सा’ कशावर वाजवू?” वैष्णवीच्या हातातला घास तसाच राहिला.

“सा असो का फा, वाटी माझ्या मायची हाय.”

बघा माणसाची रीत. मी माळ्यावर होते तेव्हा एकाचाही तळवा जळत नव्हता.

शनिवारी शकुबाई सगळ्यांच्या आधी शाळेत हजर. मुलं मैदानात प्रार्थनेला. वर्गात आम्ही सातजणी सूर लावून तयार. कुणात बोटभर पाणी, कुणात अर्धी वाटी. शकुबाईनं पदर खोचला.

“पाहुणे यायचे आन् त्यांच्यापुढं अर्धं भांडं? काही रीतभात?”

आयुष्यात तिनं कुणापुढं अर्धा तांब्या ठेवला नव्हता. कळशी उचलून तिनं आम्हा सातही जणींना काठोकाठ भरलं. मी आतून ओरडले. पण काडी लागल्याशिवाय वाटीला बोलता येतं का?

पालक बसले. वैष्णवीनं मला काडी मारली. थप्! शेजारच्या पोरानं ‘रे’च्या वाटीला मारली. थप्!

“संगीत हाय का धुणं चाललंय?” मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. रेवती मॅडम एक पाऊल पुढं आल्या आणि पुन्हा हात बांधून थांबल्या.

“कोणी भरलं पाणी?” वैष्णवीनं काडी खाली ठेवली.

“म्या भरलं. काय चुकलं त्यात?”

आता वैष्णवी रडते की काय असं मला वाटलं. पण तिनं मला दोन्ही हातांनी उचललं, ओठाला लावलं आणि एक घोट प्याली. वाजवून पाहिलं. अजून एक घोट. अजून एक. चौथ्या घोटाला माझा गळा मोकळा झाला आणि ‘सा’ भिंतीपर्यंत जाऊन आला. मग बाकीच्या सहाही मुलांनी आपापली वाटी तोंडाला लावली. स्वप्निल एवढं प्याला की त्याचा ‘प’ चढून ‘ध’ला टेकला, पुन्हा ओतावं लागलं. आता लोक हसत होते, पण ते हसणं वेगळं होतं.

मग मुलांनी वाजवलं. काय वाजवलं! मला सांगता येत नाही, मी त्यातच होते.

संपल्यावर शकुबाई उठली, सरळ माझ्यापाशी आली. वैष्णवीनं मला पोटाशी धरलं.

“दे.”

“आजी, पण आजोबाचे पाय खरंच एवढे जळतात का?”

“कोणाचे पाय?” दारातून रामकिशन म्हणाले. “मी आत्ता शेतातून चालत आलो की. काही तकलीफ न्हाई.”

“तुमी गप बसा!” शकुबाईचे कान लाल झाले. ती गुडघे मोडत सतरंजीवर बसली. “नेत न्हाई गं तुझी वाटी. काडी दे. मला बी वाजवू दे.”

आणि असा दणका दिला की माझं अर्धं पाणी तिच्याच लुगड्यावर!

तेव्हापासून मी शाळेतच आहे. दर शनिवारी शकुबाई येते, मुलांच्या ओळीत बसते. मुलांनी तिला ‘नि’ दिलाय, कारण शेवटचा शब्द तिचाच असावा लागतो.

पण ‘नि’वर गाणं थांबत नाही हो. वरचा ‘सा’ लावणारी आठवी वाटी आम्हाला अजून मिळालेली नाही. लहानशी हवी, खणखणीत. तुमच्या घरात कुठं पडली असेल तर घेऊन या. पाठवू नका, स्वतः या, सतरंजीवर जागा आहे. शकुबाई ‘नि’ वाजवते आणि काडी तशीच हवेत धरून बसते, पुढच्या सुरासाठी.

लवकर या. तिला वाट बघायची सवय नाही.